कोल्हापुरातून एकट्याने हॅवलॉक आणि नील: ऊन आणि ओहोटी बघून बेत कसा आखावा

एकट्याने अंदमानला जायचं ठरलं की आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पौर्णिमा-अमावस्या कधी येते ते बघा. तिकिटं त्यानंतर. तिथल्या हॅवलॉक आणि नील या छोट्या बेटांवर दिवस कसा जाणार, हे सूर्य आणि ओहोटी ठरवतात. कुठल्या किनाऱ्यावर किती वाजता पोहोचायचं एवढं जमलं, तर एकट्या माणसासाठी याहून सोपी सहल नाही. कुणाचं आवरायची वाट बघायची नाही, पहाटे चारला उठायला कुणाची मनधरणी करायची नाही.

१. तारखा

जानेवारी ते एप्रिल हा खात्रीचा काळ. मे महिन्यापासून पाऊस सुरू होतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरातही बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला की बोटी रद्द होतात.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे दोन्हींतला फरक कमी. नील बेटावरचा दगडी पूल, म्हणजे खडकाची नैसर्गिक कमान, आणि खडकांतली डबकी बघायची तर उधाणाची ओहोटी हवी. मी अमावस्याच निवडेन. कारण काळोख्या रात्री हॅवलॉकच्या पाण्यात कधी कधी सूक्ष्मजीवांचा निळसर उजेड दिसतो, वल्हं मारलं की पाणी चमकतं. रात्री कयाकमधून ते दाखवायला नेतात. पौर्णिमेच्या चांदण्यात ते काही दिसायचं नाही.

२. कोल्हापूर ते पोर्ट ब्लेअर

उजळाईवाडीच्या विमानतळावरून सोयीचं जोडविमान मिळालं तर उत्तमच. नाहीतर रात्रीच्या बसने बेंगळुरू गाठायचं, अंतर साधारण ६०० किलोमीटर. तिथला विमानतळ मॅजेस्टिक बसस्थानकापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे आणि सकाळची वाहतूक भयंकर असते. बस पोहोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत निदान सहा तास मोकळे ठेवा. भारतीयांना या बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र आधार कार्ड आणि गाडीचा मूळ परवाना जवळ हवा.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर नवीन नाव दिसलं तरी बोलताना सगळे अजून जुनंच वापरतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.

३. घड्याळ

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. पोर्ट ब्लेअर कोल्हापूरच्या सुमारे साडेअठरा रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. म्हणून सूर्य तिथे आपल्याकडच्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जानेवारीत रंकाळ्यावर संध्याकाळी सहा वाजता छान उजेड असतो, त्या वेळी हॅवलॉकला अंधार पडलेला असतो. आठला उठून दहाला बाहेर पडायची सवय असेल तर ती कोल्हापुरातच ठेवून जा. तिथे चारला उठायचं, सकाळी सगळं फिरायचं, दुपारी झोपायचं आणि साडेतीनला पुन्हा निघायचं.

४. पहिला दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये

दुपारी सेल्युलर जेल बघा. सावरकर इथे १९११ ते १९२१ होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे. तिथे घाई करू नका. एकटे गेलात तर तिथे हवा तेवढा वेळ शांत उभं राहता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ असेल तर चॅथमहून फेरीबोटीने बांबूफ्लॅटला उतरा आणि माउंट हॅरिएटला जा. २०२१ पासून त्याचं नाव माउंट मणिपूर आहे. जुन्या लालसर वीस रुपयांच्या नोटेच्या मागे जे दृश्य आहे, ते याच डोंगरावरून दिसतं असं सांगतात: माडांच्या पलीकडे नॉर्थ बे आणि दीपगृह. तशी नोट असेल तर बरोबर न्या.

५. हॅवलॉक

सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, खासगी बोटी लवकर पोहोचतात. हंगामात दोन्हींची तिकिटं आधीच काढलेली बरी. जेट्टीवर उतरलात की स्कूटर भाड्याने घ्या. ताब्यात घेण्यापूर्वी ब्रेक, पुढचा दिवा आणि ओरखड्यांचे फोटो, एवढं तपासा. दिवा महत्त्वाचा, कारण संध्याकाळचा परतीचा रस्ता जंगलातून आहे आणि तिथे मिट्ट काळोख असतो.

पहाटे कालापत्थर. किनारा पूर्वेकडे तोंड करून असल्याने सूर्य समोर पाण्यातूनच वर येतो, आणि काळे खडक आधी जांभळे, मग तांबूस दिसायला लागतात. त्यानंतर एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीत एकेक सीट मिळते, त्यामुळे एकट्याला अख्खी बोट करावी लागत नाही. प्रवाळ बघायला मुखवटा आणि नळी तिथेच मिळते. पण तोंडाने श्वास घ्यायचा सराव निघण्यापूर्वी कोल्हापुरातच अंबाई टँक या पोहण्याच्या तलावात करून घ्या, म्हणजे तिथली पहिली पंधरा मिनिटं नाकातोंडात पाणी जाण्यात वाया जाणार नाहीत. पाय प्रवाळावर टेकवू नका, तो जिवंत असतो.

दुपारी साडेचारच्या आत राधानगर गाठा. हा पश्चिमेचा किनारा, सूर्यास्ताचा. वाळू पिठासारखी बारीक, आणि मागे उंच झाडांची भिंतच उभी असते. २०२० मध्ये या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला.

पंचगंगेत पोहून मोठ्या झालेल्यांना एक मनापासून सांगायचं आहे. नदीची ओढ एका बाजूला असते. समुद्रात परतणारं पाणी तुम्हाला सरळ आत नेतं. त्याच्याशी झुंजत किनाऱ्याकडे पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. एकटे असाल तर जीवरक्षक जिथे बसतो त्याच्या समोरच, कमरेएवढ्या पाण्यात राहा. इथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. ती खाडी दिसते फार सुंदर, पण ती बघायची, उतरायचं नाही. सूचनेचा फलक जिथे असेल तिथे स्थानिक माणूस उतरला तरी आपण उतरू नये.

६. नील

हे बेट छोटं आणि बरंचसं सपाट आहे, सायकल पुरते. भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी गावांची नावं वाचत भाताच्या शेतांमधून जाताना मजा येते. सीतापूर सूर्योदयाला, लक्ष्मणपूर सूर्यास्ताला.

दगडी पुलासाठी मात्र ओहोटीची वेळ विचारून घ्या. खोलीच्या मालकाला विचारलंत तर तो लगेच सांगेल. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आज कळली की उद्याची आपण काढू शकतो. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोहोचा. पायांत मागे पट्टा असलेली, पकड घेणारी सँडल हवी. कोल्हापुरी पायताण इथे निरुपयोगी, ओल्या चामड्याने खडकावर पाय घसरतोच. खडकांतल्या वीतभर खोल डबक्यापाशी उकिडवे बसा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. आधी नुसतं पाणी दिसतं. मग तळाशी पडलेली काळी दोरी म्हणजे सागरी काकडी नावाचा जिवंत प्राणी निघतो, फटीतून तारामाशाचा सडपातळ हात बाहेर येतो आणि शंखाला पाय फुटून तो चालू लागतो. माहिती द्यायला स्थानिक गाईड मिळतात, एक जरूर घ्या. पाणी फिरायच्या आत परत कसं वळायचं हे त्यांना ठाऊक असतं.

७. एकट्याचे चार नियम

रोज सकाळी आजचा मार्ग घरी कळवा. किनाऱ्यांवर नेटवर्क जातं, म्हणून जेट्टीवरूनच मेसेज टाका. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. वाळूतल्या माश्या चावतात, पायांना खोबरेल तेल लावून वाळूवर चादर टाकूनच बसा. जेवायला साधी मच्छी थाळी घ्या. बेटांवर बंगाली कुटुंबं बरीच आहेत आणि त्यांच्या हातची मोहरीतली माशाची आमटी आपल्या रश्श्यापेक्षा वेगळी, पण झकास लागते.

८. परतताना

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच राहू द्या. विमानतळावर सामान तपासतात आणि प्रवाळ बाळगणं हा गुन्हा आहे. स्कूबा केलं असेल तर त्यानंतर निदान १८ तास, जमल्यास पूर्ण दिवस, विमानात बसू नका, म्हणून ते सहलीच्या सुरुवातीलाच उरका. आणि विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. सकाळची बोट रद्द झाली तर विमान तुमच्यासाठी थांबणार नाही.