पावसाळ्यानंतर चेनसॉ दबत असेल, बंद पडत असेल तर

पावसाळा सरला की जुन्या आंब्या-काजूच्या छाटणीसाठी पडवीतले चेनसॉ मशीन बाहेर निघते. दोरी ओढून हात भरून येतो, पण मशीन सुरू होत नाही. झालेच, तर रेस देताच दबते किंवा लाकडाला लावले की बंद पडते. अशा वेळी बहुतेकांचा स्क्रूड्रायव्हर आधी कार्बोरेटरकडे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे) जातो. तो शेवटचा उपाय आहे.

आधी टाकी रिकामी करा. जूनपासून राहिलेले पेट्रोल गाळूनसुद्धा वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतले पाणी ओढते आणि पाण्यासकट तळाशी बसते. टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल) मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. मशीन ओढते तळाचे, म्हणजे ऑइल नसलेले. पिस्टन जाम होतो तो असा. चांगल्या प्रतीचे टू-टी ऑइल लिटरला २० मिली (५०:१) घाला. पुस्तिकेत प्रमाण वेगळे असेल तर पुस्तिकेचेच धरा. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करावे.

टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर काढा. काळा पडला असेल तर बदला, धुण्यात वेळ घालवू नका. नळी कडक झाली किंवा चिरली आहे का, तेही तेव्हाच दिसेल. मशीन पाच-दहा मिनिटांनी बंद पडत असेल तर झाकण सैल करून पाहा. लगेच नीट चालले, तर टाकीचे हवेचे छिद्र बुजले आहे.

एअर फिल्टर साफ करून स्पार्क प्लग काढा. त्याच्या टोकाची गॅप (ठिणगीची फट) साधारण ०.५ मिमी असावी. तपकिरी टोक ठीक. काळे-ओले असेल तर हवा कमी, चोक अडकलेला किंवा ऑइल जास्त. पांढरे असेल तर थांबा: इंधन कमी पडतेय, असे चालवू नका.

मंद गतीत छान, पण पूर्ण रेसला दम नाही? सायलेन्सरची जाळी कार्बनने भरलेली असते. काढून तारेच्या ब्रशने घासा. भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर दोष इंजिनाचा नाहीच, चेन बोथट आहे.

एवढे करूनही फरक नसेल, तरच कार्बोरेटर. इंजिन गरम करून ‘एल’ स्क्रू (मंद गतीच्या इंधनाचा) रेस अडखळेनाशी होईपर्यंत थोडा-थोडा फिरवा, मग आयडल स्क्रूने चेन थांबेल इतकी गती उतरवा. ‘एच’ स्क्रू (पूर्ण रेसच्या इंधनाचा) आवाज कडक यावा म्हणून आवळू नका. मोकळ्या रेसला किंचित फडफडणारा आवाजच योग्य. जुन्या मशीनमध्ये डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) कडक झालेला असतो. तिथे किट बदलण्याला पर्याय नाही.

रेस सोडल्यावरही गती उशिरा उतरत असेल, तर बहुधा क्रँक सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचे सील) किंवा कार्बोरेटरच्या रबरातून हवा शिरतेय. काम थांबवा. सायलेन्सर काढून पिस्टन पाहा. उभे ओरखडे दिसले, तर पिस्टन-सिलिंडरचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत शेजारी-शेजारी मांडूनच दुरुस्तीला द्या.