एक्स११ की वेलँड? वाद नंतर घाला, आधी आपल्याच मशीनवर बघा

लिनक्समध्ये विंडो स्क्रीनवर दाखवायच्या आणि कीबोर्ड-माउसचं इनपुट त्यांच्यापर्यंत पोचवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. "वेलँड जास्त सेफ आहे" आणि "वेलँड अजून तयार नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणून आधी थोडा वेळ काढून स्वतःच तपासा.

आपण कुठल्या सेशनमध्ये आहोत (म्हणजे लॉगिन केल्यावर डेस्कटॉप दोन्हींपैकी कशावर चालतोय) ते ग्नोम या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये अबाउटच्या पानावर सिस्टीम डिटेल्समध्ये दिसतं. बदलायचं असेल तर लॉगिन स्क्रीनवर युजर निवडला की कोपऱ्यात गिअरचं चिन्ह येतं, तिथून. तुमच्याकडे फेडोरा ४३ वर्कस्टेशन किंवा उबुंटू २५.१० असेल तर ग्नोमचं एक्स११ सेशन काढूनच टाकलंय, म्हणजे निवड तुमच्या हातात राहिलेलीच नाही.

आता सिक्युरिटी. एक्स११ सेशनमध्ये टर्मिनल उघडून कीबोर्ड-माउसचं इनपुट दाखवणारं एक्सइनपुट हे टूल टेस्ट-एक्सआय२ मोडमध्ये, रूट पर्याय देऊन चालवा (इथे रूट म्हणजे रूट विंडो, सगळ्या विंडोंच्या मागची मूळ विंडो; सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार वगैरे काही लागत नाही), मग ब्राउझरमध्ये जाऊन काहीही टाइप करा, प्रत्येक बटणाचा कोड टर्मिनलमध्ये येत राहील. पासवर्डचाही! हा बग नाहीये, १९८७ च्या डिझाइनमध्ये सगळ्या अ‍ॅप्सवर विश्वास ठेवायचा असंच गृहीत धरलं होतं. हेच वेलँड सेशनमध्ये करा, नेटिव्ह (थेट वेलँडवर चालणाऱ्या) विंडोत टाइप केलेलं काहीच दिसणार नाही.

पण लगेच जिंकल्यासारखं नाचू नका, कारण जुनी अ‍ॅप्स एक्सवेलँडमधून (वेलँडच्या आत चालणाऱ्या एक्स११ सर्व्हरमधून) चालतात आणि ती एकमेकांचं टाइपिंग अजूनही बघू शकतात. कुठलं अ‍ॅप तसं चालतंय हे कळायला एक्सआइज (माउसकडे बघणारे दोन डोळे दाखवणारं छोटं एक्स११ टूल) उघडा आणि माउस त्या अ‍ॅपवर फिरवा, डोळे मागेमागे फिरले तर एक्सवेलँड, फिरले नाहीत तर नेटिव्ह. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये लेगसी एक्स११ अ‍ॅप सपोर्टपण बघून घ्या, जुन्या अ‍ॅप्सना किती बटणं ऐकू द्यायची ते तिथे ठरतं. आणि सँडबॉक्सशिवाय (बाकी सिस्टीमपासून वेगळं न ठेवता) चालणारं खोडसाळ अ‍ॅप तुमची होम फोल्डर सरळ वाचू शकतं, बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) ओळ घुसवू शकतं, तिथे वेलँड काहीही करत नाही. फ्लॅटपॅक (सँडबॉक्समध्ये चालणारी पॅकेजेस) वापरा आणि त्याच्या परवानग्या खरंच वाचा, नाहीतर दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी.

तयारीचं म्हणाल तर "सगळं चालतं का" हा प्रश्नच फालतू आहे, तुम्ही रोज जे करता तेवढंच करून बघा. स्क्रीन शेअर आता पोर्टल (परवानगी विचारणारा मध्यस्थ) आणि पाइपवायर (व्हिडिओ-ऑडिओ वाहून नेणारी सेवा) यांच्यातून जातं, तेव्हा मीटिंगच्या आदल्या दिवशी ट्राय करा, ऐनवेळी नको. एनव्हिडिया कार्ड असेल तर ड्रायव्हर ५५५ किंवा त्यापुढचा हवा, एक्सप्लिसिट सिंक (चित्र पूर्ण तयार झाल्यावरच दाखवायचं तंत्र) तिथपासून आलं, त्याआधी फ्लिकर व्हायचं. ओर्का (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर) किंवा ऑन-स्क्रीन कीबोर्ड लागत असेल तर बाकी सगळं सोडून तेच आधी तपासा, या बाबतीत "माझ्याकडे तर चालतं" म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

एक्सडूटूलवर (एक्स११ मध्ये आपोआप टाइप-क्लिक करणाऱ्या टूलवर) लिहिलेल्या स्क्रिप्ट मात्र नेटिव्ह विंडोवर चालणार नाहीत. त्याऐवजी वायडूटूल आहे, पण ते यूइनपुटमधून (लिनक्स कर्नलच्या आभासी कीबोर्ड-माउसच्या सोयीतून) की पाठवतं आणि त्याला तशी परवानगी द्यावी लागते, आणि ती सरसकट आपल्या युजरला देऊन टाकली की कुठलंही अ‍ॅप तुमच्या नावाने टाइप करू शकतं.