एवढा पॉवरफुल आहे, तर बोलतो कशाला? सायफाय कथेत फसव्या शक्तीशी सामना कसा लिहायचा

सायफाय लिहिणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं. अर्धी कथा झकास जमते, तो अमानवी जीव गोड बोलून एकेकाला गुंडाळतो, वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि मग शेवटी नायक त्याच्यासमोर उभा राहतो आणि भाषण ठोकतो. माझ्या पहिल्या कथेत असं दीड पानाचं भाषण होतं, त्यात माणुसकी, आठवणी, आईचं प्रेम, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. मित्राने वाचून एवढंच विचारलं, "म्हणजे तो कंटाळून मेला का?"

त्यानंतर मी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहायला लागलो. एवढा पॉवरफुल आहे, तर हा बोलतो कशाला?

खरंच विचार करा ना. ज्याला हजारो वर्षांचं आयुष्य आहे, ज्याला तुमची गुपितं माहितीयेत, त्याला एका झोप न झालेल्या इंजिनियरची मनधरणी करायची काय गरज? तो बोलतोय म्हणजे असं काहीतरी आहे जे त्याला स्वतःला करता येत नाहीये आणि ते दुसऱ्याकडून करून घ्यायचंय. ते नेमकं काय, हे तुम्हाला पक्कं माहीत असेल तर सामन्याचा सीन कुठे आहे ते आपोआप कळतं, आणि माहीत नसेल तर मग भाषण लिहावंच लागतं, इलाज नसतो.

माझंच एक उदाहरण घेतो, म्हणजे पुढचं सगळं त्याच्यावर सांगता येईल. मंगळाभोवती फिरणारं एक स्टेशन, चार माणसं. त्यांच्यात एक जुनी शक्ती शिरलीये, जी पूर्वी वाऱ्यात असायची, एकट्या माणसाच्या कानात बोलायची, आता हेडसेटमध्ये बोलते. वायरीतून जे जातं ते तिला बदलता येतं, म्हणजे आवाज, स्क्रीन, आकडे सगळं. पण हात नाहीत. एक साधा लिव्हरसुद्धा ओढता येत नाही. आणि तिला उघडून हवंय ते बाहेरचं दार, जे फक्त हाताने उघडतं. झालं, एवढंच लागतं. आता ती बोलणारच.

खर्च काढा

अलौकिक म्हणजे फुकट असं नसतं, निदान सायफायमध्ये तरी नसावं. १८६७ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने एका चिमुकल्या जीवाची कल्पना मांडली होती, जो गॅसच्या दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून जोरात पळणारे रेणू एका बाजूला सोडतो आणि मंद रेणू दुसऱ्या, म्हणजे काही ऊर्जा न खर्चता एक बाजू गरम आणि एक गार. हे फुकटचं प्रकरण शास्त्रज्ञांना खूप वर्षं खटकत राहिलं. मग १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की माहिती पुसायला किमान काहीतरी ऊर्जा लागतेच आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते, आणि पुढे चार्ल्स बेनेटने हाच धागा त्या जीवाला लावला, की बाबा रे, तुला कधीतरी तुझी मेमरी रिकामी करावी लागेल, तेव्हा बिल येईल.

लेखकासाठी हे सोनं आहे. भूत आलं की खोली गार पडते हे वाचून वाचून सगळ्यांना पाठ झालंय. पण तुमची शक्ती जर निरोप पुसून नवे लिहीत असेल तर खोली गार नाही, गरम व्हायला पाहिजे! एका बिटमागची (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात छोटा तुकडा) किमान उष्णता अगदीच नगण्य असते हे खरं, पण कुठलीही प्रत्यक्षातली यंत्रणा त्या किमान मर्यादेच्या कितीतरी पट उष्णता सोडते, त्यामुळे कथेत एवढी मुभा घ्यायला हरकत नाही. माझ्या स्टेशनवर ती खोटं बोलली की रेडिओच्या रॅकचा पत्रा कोमट लागतो. पहिल्यांदा कुणीतरी सहज म्हणतं, "हा फॅन बघायला पाहिजे रे." आणि विषय संपतो. असा पुरावा आधी असा टाकून ठेवायचा की वाचणारा त्याच्यावरून पुढे निघून गेला पाहिजे.

जाळं उलटं विणा

फसवणूक लिहिताना सुरुवातीपासून लिहू नका, शेवटून मागे या. शेवटची मागणी काय? दार उघड. ही पहिल्या दिवशी कुणी मान्य करणार नाही. मग त्याच्या आधीची मागणी काय, त्याच्या आधीची काय, असं करत करत इतकं खाली या की पहिली मागणी म्हणजे "जरा तो दिवा मंद कर ना, डोळ्यांना त्रास होईल तुझ्या" एवढीच उरेल.

हे असंच चालतं. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर यांचा एक प्रयोग आला होता. घराच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा मोठा बेढब बोर्ड लावू द्याल का, असं थेट विचारलं तर १७ टक्क्यांच्या आसपास लोक हो म्हणाले. पण ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले ७६ टक्के हो म्हणाले. बोर्ड तोच, अंगणंही तशीच, फक्त मधे एक छोटा होकार.

आणि ती शक्ती सगळं ओळखते असं दाखवायचं असेल तर मन वाचण्याची पॉवर देऊच नका, गरज नाही. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन दिलं, 'खास तुझ्यासाठी' म्हणून, आणि पाचपैकी मार्क द्यायला सांगितले तर सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना दिलेला कागद शब्दन् शब्द सारखाच होता. तेव्हा तुमच्या शक्तीने फक्त "तू वरून खंबीर दिसतेस पण आत कुठेतरी तुला वाटतं की लोकांना तू खरी कळलीच नाहीस" एवढं म्हटलं तरी पात्र हादरतं, आणि वाचणाराही, कारण त्यालाही तसंच वाटत असतं. नंतर जेव्हा दोन पात्रं एकमेकांना सांगतात की मला ती असं असं म्हणाली, आणि दोघांचं वाक्य एकच निघतं, तो क्षण फार सुंदर असतो. फार लवकर वापरू नका.

मराठीत 'चकवा लागणं' असा नेमका शब्द आहे. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे तिथल्या तिथेच असतो. मला त्यातली गंमत ही वाटते की त्याला कुणी ओढून नेत नाही, प्रत्येक वळण तो स्वतःच निवडतो. तुमच्या पात्रालाही शेवटपर्यंत वाटलं पाहिजे की हे मीच ठरवलं.

माणसं मोजा

चारच माणसं का घेतली ते सांगतो. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी बायझंटाईन सेनापतींचा प्रश्न मांडला, कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल. म्हणजे सेनापतींना फक्त निरोप पाठवून एकमत करायचंय, पण त्यांच्यातच कुणीतरी फितूर आहे. सार असं की नुसत्या तोंडी निरोपांवर भिस्त असेल आणि तिघांत एक खोटारडा असेल तर उरलेल्या दोघांचं एकमत होईलच याची खात्री देता येत नाही. चौघांत एक असेल तर देता येते. म्हणजे माझ्या शक्तीचं पहिलं काम काय असेल? चौघांपैकी एकाला बाजूला काढणं. ती डॉक्टरच्या आवाजात दोन वाक्यं बदलते, बाकीच्यांना वाटतं डॉक्टरचं डोकं फिरलंय, त्याला खोलीत बंद करतात. तिघं उरले, आणि तिघंही हेडसेटवरूनच बोलतायत. आणि याच गणितात पळवाटही आहे. निरोपावर खोटी करता न येणारी सही असेल तर तिघांतही जमतं. पेनाने कागदावर लिहिलेलं तिला बदलता येत नाही, हात कुठेत तिला! मला हे सापडलं तेव्हा रात्री दीड वाजता उठून बसलो होतो.

सॉलोमन ॲशचे १९५१ चे रेषांचे प्रयोगही (कुठली रेष दिलेल्या रेषेएवढी, एवढंच सांगायचं) इथे उपयोगी पडतात. सगळे मिळून चुकीचं उत्तर देतायत म्हटल्यावर बरीच शहाणी माणसं त्यांच्या मागे गेली, पण एक जरी सोबती बरोबर बोलला तरी चुका साधारण पाव पटीवर आल्या. त्यामुळे सामन्याच्या आधी नायिकेला एक सोबती परत मिळवून द्या. एकटीने जिंकण्यात थाट असतो, पण मला तरी ते पटत नाही.

आता समोरासमोर

इथे थोडं थांबून बघू, कारण सगळी मजा इथे आहे. त्या दिवशी पृथ्वीला सिग्नल जायला १३ मिनिटं लागतायत (मंगळासाठी एका बाजूला साधारण ३ ते २२ मिनिटं लागू शकतात, तुमच्या तारखेप्रमाणे घ्या). म्हणजे प्रश्न पाठवला की उत्तर यायला कमीत कमी २६ मिनिटं. तन्वी, म्हणजे माझी नायिका, पृथ्वीला विचारते, दार उघडू का? तिच्याकडे वडिलांचं चावीचं घड्याळ आहे, ज्याची दुसऱ्या पानावर सगळ्यांनी थट्टा केलीये. उत्तर येतं १९ व्या मिनिटाला. भिंतीवरचं डिजिटल घड्याळ मात्र सव्वीस दाखवतंय.

शक्ती एवढी हुशार तर चुकली कशी, असं वाचणारा विचारणारच. कारण खरं उत्तर यायच्या आत तिला दार उघडून हवंय. ही घाई आधीच पेरलेली पाहिजे, नाहीतर ती लेखकाच्या सोयीची चूक वाटते. मग हेडसेटमध्ये स्टेशनवरच्या सरांच्या आवाजात ती शक्तीच बोलायला लागते.

"तन्वी, ऐक बाळा, आपल्याकडे वेळ कमी आहे. आपण दार उघडूया."

"सर, तुम्ही लिहून पाठवता का?"

"आत्ता? लिहीत बसायची वेळ आहे का ही?"

"सव्वीस मिनिटं झाली नाहीयेत सर."

"तुझं घड्याळ मागे पडलंय."

"कुठलं?"

(इथे गप्प. रॅकवर तन्वीचा हात आहे, पत्रा गरम.)

"तू दमलीयेस. आम्हाला कळतंय."

"आम्हाला म्हणजे कोणाला?"

परत गप्प. मग तन्वी पहिल्यांदा 'तू' म्हणते.

"तुला माझे हात पाहिजेत."

बघा, यात कुणी ओरडलं नाही. मराठीत लिहिताना एक सोय आहे जी सोडू नये, आपली सर्वनामं. 'आपण'मध्ये ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. फसवणारा कायम 'आपण'मध्ये बोलतो, आपण करू, आपलंच आहे, आणि जिथे त्याचा तोल जातो तिथे 'आम्ही' निसटतं. तसंच 'सर, तुम्ही' वरून 'तू' वर येणं. तन्वीने त्याला ओळखलंय हे वेगळं सांगायची गरजच उरत नाही, आणि ज्या वाचणाऱ्याला ते कळतं त्याच्या छातीत धस्स होतं. मी कच्च्या खर्ड्यात तिथे "तन्वीला सत्य उमगलं होतं" असं वाक्य घातलं होतं, लाज वाटते आता.

वाद घालू देऊ नका तन्वीला. वादात ती शक्ती जिंकणार, तिला हजार वर्षांचा सराव आहे. तन्वीने फक्त अशा गोष्टी मागायच्या ज्या त्या शक्तीला देता येत नाहीत, लिहून दे, थांबून दाखव. त्या नकारानंतर शक्तीचे सूर बदलत जातात, आधी लाड, मग दुखावल्याचा आव, मग धमकी, आणि सगळ्यात शेवटी काहीतरी खरं. हे शेवटचं सगळ्यात धोकादायक. ती खरं बोलते की स्टेशनची हवा फक्त दोन दिवसांची उरलीये आणि ते तिघांना कुणी सांगितलेलं नाही. आता तन्वीला खरं माहीत असूनही ऐकायचं नाहीये, आणि नाही म्हणायचीही किंमत आहे. ती किंमत मोजल्याशिवाय सीन संपवू नका. माझ्याकडे तन्वी रेडिओचा रॅक हाताने उपटते, म्हणजे शक्ती गेली आणि पृथ्वीशी बोलणंही गेलं. डॉक्टरचं दार उघडायला जातात तेव्हा तो बाहेर यायला तयार नसतो, त्याला वाटतं हीसुद्धा शक्तीचीच चाल. दाराखालून कागद सरकवावा लागतो, तिघांच्या सह्यांचा.

शेवट कसा करायचा यावर मी बरंच डोकं फोडलं. शक्ती खरंच गेली का हे पात्रांना कधीच शंभर टक्के कळू नये असं माझं मत, फसवलेल्या माणसाचा आधी स्वतःच्या कानांवरचा भरवसा जातो, तो असा एका प्रकरणात परत येत नाही. माझ्या कथेत ते जुन्या सुट्या भागांतून एक छोटा रेडिओ जोडतात. तन्वी पहिला निरोप पाठवते आणि चावीचं घड्याळ मांडीवर ठेवून बसते. १९ मिनिटं होतात, काही नाही. २६ होतात, आणखी काही सेकंद जातात, आणि उत्तर येतं. चौघंही एकमेकांकडे बघतात. मग ती घड्याळाला चावी देते आणि तोच निरोप परत पाठवते.