त्रिपुरारीला जुन्या लेन्सा न्यायच्या तर आधी घरी एवढं उरका

त्रिपुरारीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, गोव्यात साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीत सजवलेल्या होड्या सोडतात तेव्हा काठावर कॅमेरेवाल्यांची ही गर्दी असते, आणि त्यात हल्ली एकदोन जण तरी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्याच्या बॉडीवर आजोबांच्या काळातली मॅन्युअल लेन्स लावून आलेले असतात, आणि त्यातला एक तरी होडी समोरून निघून गेली तरी मेनूतच मान घालून बसलेला असतो. दोन वर्षांपूर्वी तो मी होतो. पहिली होडी आली, मी बटण दाबलं, काहीच नाही. कॅमेऱ्याला वाटत होतं लेन्सच लावलेली नाही. म्हणून ही यादी, आधी स्वतःसाठी केलेली आणि आता जो विचारतो त्याला पाठवतो ती.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आजची लेन्स कॅमेऱ्याशी सारखी बोलत असते, मी एवढ्या मिलिमीटरची, माझं अॅपर्चर (प्रकाश आत येणारं भोक) आता एवढं, फोकस इथे. जुनी लेन्स मुकी. ती जे सांगत नाही ते आपणच कॅमेऱ्याला सांगायचं, आणि ते घरी, उजेडात, चहा घेत घेत. नदीकाठी अंधारात, मागून धक्के बसत असताना नाही.

सुरुवात दिवाळीच्या आसपास करा कारण आपल्याकडे पहिला शत्रू कॅमेरा नाहीच, बुरशी आहे. चार महिने पाऊस, हवेत ८०-९० टक्के दमटपणा, आणि लेन्स कुठे तर तिच्या मूळच्या चामड्याच्या केसमध्ये कपाटात, म्हणजे बुरशीला आयतं घर. लेन्स काढा, दोन्ही टोप्या काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च मागून तिरका मारा. सरळ मारला तर काही दिसत नाही, तिरकाच. माझ्या हेलिओसमध्ये (५८ मिमीची जुनी सोव्हिएत लेन्स) यंदा कडेला एक बारीक पांढरा धागा दिसला, आधी वाटलं धूळ, मग नीट बघितलं तर त्याला फांद्या फुटलेल्या, कोळ्याच्या जाळ्याचा तुटका तुकडा असावा तसं. कडेला एवढंसं असेल तर फोटोत काही फरक पडत नाही, पण ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची आणि सीझन संपला की साफ करायला द्यायची, कारण बुरशी जास्त दिवस राहिली तर कोटिंग खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडायला बसू नका, मी बसलोय, पुढचं विचारू नका. सगळी काच धुरकट दिसत असेल तर ती घरीच राहू द्या, रात्रीच्या दिव्यांपुढे नुसतं दूध दिसतं. आणि आई म्हणते म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची भुकटी आत जाते. हवाबंद डबा, सिलिका जेल, दमटपणा मोजणारा एक स्वस्तातला हायग्रोमीटर आणि काटा ४० ते ५० च्या मध्ये, एवढं पुरतं.

टॉर्च हातात आहे तोवर अॅपर्चर मिटवून त्याच्या पात्यांवरही मारा. तेल चढलेलं असेल तर पाती चमकतात. आपोआप मिटणाऱ्या लेन्समध्ये तेलाने पाती सुस्तावतात, हेलिओस ४४-२ मध्ये मात्र फार बिघडत नाही कारण तिथे सगळं आपणच हाताने फिरवतो.

आता अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी. यात गणित सोपं आहे. एम ४२ च्या, म्हणजे हेलिओससारख्या आट्यांनी बसणाऱ्या लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनच्या जुन्या एफ जोडणीला ४६.५, कॅननच्या एफडीला ४२. सोनी ई बॉडीत ते १८ आहे, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०, म्हणजे उरलेलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी तेवढी पाहिजे, आत काच नको. म्हणूनच मिररलेसवर जवळपास काहीही बसतं. ज्यांच्याकडे अजून निकॉनचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे त्यांनी एम ४२ च्या नादी लागू नये, तिथे अंतर आधीच जास्त असल्यामुळे काच नसलेल्या अडॅप्टरवर लांबचं फोकस होतच नाही, कॅननच्या डीएसएलआरवर (ईएफ) होतं.

अडॅप्टर ऑनलाइन मागवलात की आला तसा बॅगेत टाकू नका. रात्री गच्चीवर जा, लांबच्या मोबाईल टॉवरचा लाल दिवा धरा, स्क्रीनवर मॅग्निफाय करा आणि फोकस रिंग अनंताच्या (∞) खुणेला टेकवा. दिवा टोकदार दिसला, किंवा टेकायच्या किंचित आधी टोकदार झाला, तर चांगलं. टेकूनही पसरटच राहिला तर अडॅप्टर जाड आहे, परत पाठवा. माझा पहिला असाच निघाला होता आणि मी महिनाभर लेन्सला शिव्या घालत होतो. लेन्स धरून हलकेच हलवून बघा, खडखड नको. एम ४२ चं अजून एक नाटक म्हणजे आटे पूर्ण बसले की लेन्सवरचे आकडे कधी बाजूला येतात तर कधी चक्क खाली, काही अडॅप्टरला त्यासाठी कडेला बारीक स्क्रू असतात, ते सैल करून आकडे वर आणून घ्या. जमलं तर प्रत्येक लेन्सला तिचा तिचा अडॅप्टर कायमचा लावून ठेवा, गर्दीत आटे फिरवत बसणं म्हणजे सेन्सर उघडा आणि वरून फटाक्यांची राख.

मेनूतली कामं तीनच पण तिथेच माती खातात लोक. पहिलं, लेन्स नसतानाही शटर चालू दे असा जो ऑप्शन असतो तो ऑन करा, प्रत्येक कंपनीत नाव थोडं वेगळं आहे पण असतो. दुसरं, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सेन्सर हलवून सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचे मिमी, हाताने भरा, हेलिओसला ५८, तो आकडा नसेल तर जवळचा. लेन्स बदलली की आकडाही बदला. मी गेल्या वर्षी १३५ काढून ५८ लावली, आकडा तसाच, आणि स्टॅबिलायझर बिचारा १३५ च्या हिशोबाने सेन्सर हलवत बसला, अख्खी रात्र हललेले फोटो. हे काम एखाद्या बटणावर टाकून ठेवता आलं तर सोनं. तिसरं, मॅग्निफायसुद्धा एका बटणावर, अंगठ्याखाली येईल असं.

फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवणारी सोय) लावा, रंग लाल, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको. पीकिंग काँट्रास्ट बघतं, पणतीच्या कडेला ते केव्हाही लाल होतं आणि शेजारचा चेहरा मऊ राहतो, शिवाय जुन्या लेन्सा पूर्ण उघड्या असताना काँट्रास्टच कमी देतात. चेहऱ्याला मॅग्निफायच.

एक्सपोजरचं म्हणाल तर मी मॅन्युअल मोड, अॅपर्चर लेन्सवरून एफ २, शटर १/१०० आणि आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४०० ठेवतो. १/१०० अशासाठी की मेनवर चालणारे दिवे आपल्याकडे ५० हर्ट्झचे, सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. सायलेंट शटर बंद करा, एलईडीच्या रोषणाईत आडवे पट्टे येतात, होड्यांवर हल्ली एलईडीच जास्त. स्क्रीनवर अॅपर्चरच्या जागी शून्य किंवा रेघा दिसतील, घाबरू नका, मीटर बरोबर चालतं.

हेलिओस असेल तर तिच्या दोन रिंगा आधी समजून घ्या. एक खटखट वाजते, तिने मर्यादा ठरते, दुसरी गुळगुळीत फिरते, तिने पाती खरोखर मिटतात. नवखा माणूस पहिलीच फिरवत बसतो आणि म्हणतो काही फरक पडत नाही. तिचा तो गोल गोल भोवरा, म्हणजे मागचं धूसर दृश्य गरगरल्यासारखं, हवा असेल तर माणूस दीडदोन मीटरवर आणि त्याच्या मागे बऱ्याच लांब बारीक ठिपके, पानं किंवा दिवे, असं पाहिजे. नदीपलीकडच्या पणत्या यासाठी एक नंबर, फ्रेमच्या कडेला त्या डोळ्यासारख्या लांबट होतात. एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर कडा कापल्या जातात, त्यामुळे भोवरा अर्धामुर्धाच मिळेल, हे आधीच सांगतो. टाकुमार ५० एफ १.४ या पेंटॅक्सच्या जुन्या लेन्सच्या ज्या प्रतींत थोरियम या किरणोत्सारी धातूची काच आहे त्या पिवळ्या पडतात, रात्री पणत्यांत ते खपूनही जातं, नको असेल तर काही दिवस उन्हात ठेवा, पण भिंग सूर्याकडे करून कापसाच्या गादीवर नको.

तालीम मात्र पाहिजेच, आणि अंधारात. अंगणातल्या जास्वंदीवर दिवाळीची माळ टाका, घरातल्या कुणाला तरी चालायला लावा. मी फोकस रिंगवर तीन मीटरच्या खुणेपाशी इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवलाय, बोटाला तो लागला की न बघता कळतं कुठे आहोत. निकॉर (निकॉनची लेन्स) आणि कॅननची एफडी दोन्ही नेणार असाल तर विचार करा, दोघींच्या रिंगा उलट्या दिशेने फिरतात आणि ऐन वेळी हात चुकतो. एकच न्या. दिवसा गल्लीत, मिरवणुकीत २८ मिमी असेल तर फोकसचा त्रासच नको, फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) एफ ८, फोकस साधारण सव्वातीन मीटरवर, मग दीडपावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं शार्प.

निघायच्या दिवशी यूव्ही फिल्टर काढा, दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, उमटतात. हूड लावा, बाजूचा फ्लडलाइट जुन्या कोटिंगला सोसत नाही. दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या, कारण मॅग्निफाय करत स्क्रीन सतत चालू राहते. ब्लोअर, एक जुना सुती रुमाल, मागची टोपी जास्तीची एक. एसी गाडीतून आलात तर बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबा, नदीकाठच्या ओल्या हवेत थंड काचेवर लगेच वाफ धरते.

आणि जत्रेत खाजं घ्यायचंच, पण परत निघताना. गुळाचा हात त्या फोकस रिंगच्या खाचांत लागला की दुसऱ्या दिवशी टूथब्रश घेऊन बसावं लागतं, आणि मुंग्या त्याच्या आधी पोचलेल्या असतात.