पहिल्या ड्रॉपसाठी एकच टी-शर्ट, पण नीट केलेला

स्वतःचा स्ट्रीटवेअर ब्रँड काढायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लोगो काढतात, मग तो बाजारात तयार मिळणाऱ्या टी-शर्टवर छापून घेतात. क्रम उलटा ठेवा. आधी कापड, मग बेतणी, मग छपाई, आणि लेबल सर्वांत शेवटी. गिऱ्हाईक पहिला कपडा चित्र बघून घेतं. दुसरा घेतं की नाही, हे पहिला पाच-सहा धुण्यांनंतर कसा राहिला यावर ठरतं. म्हणून पहिल्या ड्रॉपला, म्हणजे एका वेळी विक्रीला आणायच्या मर्यादित मालाला, एकच टी-शर्ट, एक किंवा दोन रंग आणि चार साइझ पुरे. हुडी, कार्गो, टोपी सगळं नंतर.

कापड

टी-शर्टच्या सिंगल जर्सीचा (एकेरी विणीच्या कापडाचा) जाडपणा जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. साधा टी-शर्ट 160 ते 180 जीएसएमचा असतो. ओव्हरसाइझ टी-शर्ट अंगावर लोळू नये, स्वतःचा आकार धरून राहावा, यासाठी 220 ते 260 घ्या. सूत कोम्ब्ड (विंचरलेलं), रिंग-स्पन (बारीक, सलग पीळ देऊन कातलेलं) मागा. विंचरताना आखूड तंतू निघून जातात, त्यामुळे गोळे कमी येतात आणि छपाईला पृष्ठभाग गुळगुळीत मिळतो. पुरवठादाराने सांगितलेला आकडा तपासल्याशिवाय धरू नका. 10 × 10 सेमीचा तुकडा कापून बारीक काट्यावर तोला आणि ग्रॅमला 100 ने गुणा: 2.4 ग्रॅम भरला तर कापड 240 जीएसएमचं.

आटण्याची चाचणी टाळलीत तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. कापडावर 50 × 50 सेमीचा चौकोन पक्क्या शाईने आखा, धुऊन पूर्ण वाळवा, पुन्हा मोजा. 50 चे 48.5 झाले तर 3 टक्के आटलं, हे चालेल. 5 टक्क्यांच्या वर गेलं तर 72 सेमीचा टी-शर्ट साडेतीन सेमीहून जास्त आखूड होतो, आणि ओव्हरसाइझमध्ये हे लगेच दिसतं, कारण रुंदी तशीच राहून उंचीच गेली की कपडा चौकोनी डबा वाटतो. त्याच धुण्यात बाजूची शिवण पोटाकडे फिरते का, तेही बघा. सिंगल जर्सीत सुताचा पीळ सुटू पाहतो, त्यामुळे कापड तिरकं वळतं. असं कापड परत करा. शिलाईने ते सुधारत नाही.

240 जीएसएमच्या एका ओव्हरसाइझ टी-शर्टला कातरण धरून साधारण सव्वातीनशे ग्रॅम कापड लागतं, म्हणजे किलोत तीन नग. विणलेलं होजिअरी कापड वजनावर विकलं जात असल्याने हा हिशोब आधीच करून जा. गळ्याचं रिब (ताणली जाणारी पट्टी) मुख्य कापडाबरोबर एकाच लॉटमध्ये रंगवून घ्या. वेगळ्या लॉटचं काळं रिब काळ्या टी-शर्टवर उन्हात तांबूस दिसतं.

बेतणी

ओव्हरसाइझ म्हणजे एमच्या जागी एक्सएल नव्हे. मोठा साइझ घातला की गळा पसरतो आणि उंची गुडघ्याकडे निघते. इथे रुंदी वाढवायची असते, खांदा खाली उतरवायचा असतो, मुंढा खोल करायचा असतो. गळा मात्र जवळपास नेहमीचाच राहतो. एम साइझसाठी सुरुवातीचं माप म्हणून कपडा सपाट ठेवून छाती 58 सेमी, खांदा 54, उंची 71 धरा आणि नमुना अंगावर बघून बदला. पुढच्या साइझला छाती 3 आणि उंची 2 सेमीने वाढवा. गळ्याचं रिब 2.5 ते 3 सेमी रुंद, त्यात थोडं इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेलं, आणि गळ्याच्या घेराच्या 80 ते 85 टक्के लांबीचं कापा. पूर्ण घेराइतकं कापलं तर गळा लाटांसारखा उभा राहतो, फार आखूड कापलं तर सुरकुत्या पडतात.

हे सगळं टेक पॅकमध्ये, म्हणजे शिवणाऱ्याला द्यायच्या तपशिलाच्या कागदात, लिहून द्या: पुढचं-मागचं सपाट रेखाचित्र, साइझनिहाय मापं, प्रत्येक मापाला चालणारा फरक (छाती-उंचीला 1 सेमी, गळ्याला अर्धा), कापड, रंगाचा कोड, शिवणीचा प्रकार, प्रिंटची जागा गळ्याच्या शिवणीपासून सेंटिमीटरमध्ये, लेबल कुठे. तोंडी सांगितलेली मापं मास्टर आपल्या सवयीने भरतो, आणि त्याची सवय बहुधा नेहमीच्या टी-शर्टची असते. आधी एका साइझचा फिट नमुना, तो पास झाल्यावर चारही साइझचा संच, आणि शेवटी खरं कापड व खरं प्रिंट असलेला एक नग. या तिसऱ्या नगावर तारीख टाकून तो स्वतःकडे ठेवा. माल आला की वाद याच नगावर मिटतो.

छपाई

स्क्रीन प्रिंटमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते, म्हणून एक-दोन रंगांचं डिझाइन कमी नगांतही परवडतं आणि सहा रंगांचं परवडत नाही. प्लास्टिसोल शाई 160 अंश सेल्सिअसच्या आसपास पक्की होते, आणि तेवढी उष्णता शाईच्या पूर्ण थरात पोहोचावी लागते. थंड झालेलं प्रिंट दोन्ही हातांनी ताणा. तडे गेले तर भाजणी कमी पडली आहे, आणि पहिल्या काही धुण्यांतच ते सोलून येईल. काळ्यावर झळझळीत पांढरं हवं असेल तर पहिला थर मध्येच सुकवून वर दुसरा द्यावा लागतो. स्पर्शाला काहीच लागू नये असं प्रिंट हवं तर डिस्चार्ज (कापडाचा मूळ रंग काढून टाकणारी छपाई) घ्या, पण त्याला सुती कापड आणि निघू शकणारा रंग लागतो. पॉलिएस्टरवर ते चालत नाही. पॉलिएस्टर मिसळलेल्या लाल कापडावर पांढरं प्रिंट काही दिवसांत गुलाबी होतं, कारण कापडाचा रंग उष्णतेने शाईत चढतो. डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायचं प्रिंट) कमी नगांना सोयीचं आहे, पण पाठभर मोठ्या डिझाइनला तो प्लास्टिकसारखा लागतो आणि घाम अडवतो. आमच्या मते तो छोट्या लोगोपुरताच ठेवावा.

आकडे

60 नग करायचे तर एस, एम, एल, एक्सएल 1:2:2:1 प्रमाणात, म्हणजे 10, 20, 20, 10. हे फक्त पहिल्या वेळेपुरतं. पुढे तुमची विक्री सांगेल ते प्रमाण. सगळे साइझ सारखे करणं ही पैसे अडकवण्याची सर्वांत सोपी वाट आहे.

एका नगाचा खर्च 100 मानू: कापड, शिलाई, छपाई, लेबल, वेष्टन, आणि वाया जाणारे 3 ते 5 टक्के नग. 60 नगांचे 6000. पॅटर्न, नमुने, फोटो यांचे समजा 3000. विक्री 300 ला, त्यातून पोच, पेमेंटची कपात आणि परतावे यांचे 40 गेले तर हातात 260 उरतात. 9000 वसूल व्हायला 35 नग विकावे लागतात. किंमत 200 ठेवलीत तर 160 उरतात आणि 57 नग लागतात, म्हणजे जवळपास सगळा माल. दुकानात माल ठेवायचा विचार असेल तर दुकानदाराला साधारण निम्मी किंमत सोडावी लागते, तेव्हा किंमत ठरवण्याआधीच हे धरा.

विकणं आणि वाढणं

स्टुसी हा स्ट्रीटवेअर ब्रँड काढणारा शॉन स्टुसी कॅलिफोर्नियात स्वतः घडवलेल्या सर्फबोर्डांवर जी सही करायचा, तीच त्याने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टी-शर्टवर आणली. ती ओळखणारी माणसं आधीच होती. तुमचा कपडा कुणी घालावा, स्केटर की रॅपर की सायकलवाले, हे ठरवा आणि पहिले दहा नग त्यांच्या अंगावर दिसू द्या. फोटोबरोबर मॉडेलची उंची आणि त्याने घातलेला साइझ लिहा; परत येणारे नग याने कमी होतात. नाव छापण्याआधी ट्रेडमार्कच्या 25 व्या वर्गात, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, शोध घ्या. फॉन्टला व्यावसायिक परवाना आहे का, तेही बघा.

आगाऊ ऑर्डर घ्यायचीच असेल तर कापड हातात आल्यावर घ्या आणि पोचण्याची तारीख अंदाजापेक्षा दोन आठवडे पुढची सांगा. परत आलेल्या प्रत्येक नगाचं कारण साइझनिहाय नोंदवा. एलवाले ‘खांदा फार उतरला’ म्हणत असतील आणि एमवाले म्हणत नसतील, तर चूक साइझ वाढवण्याच्या आकड्यात आहे.

दुसऱ्या ड्रॉपला तोच पॅटर्न ठेवून रंग आणि प्रिंट बदला. तिसऱ्याला 320 ते 400 जीएसएमच्या फ्रेंच टेरीची (आतून फासे असलेल्या जाड होजिअरी कापडाची) हुडी आणा. संपलेला रंग पुन्हा करताना जुन्या लॉटची कातरण रंगाऱ्याला द्या, नव्या लॉटची आटण्याची चाचणी पुन्हा करा, आणि दोन लॉटचं कापड कटिंगच्या टेबलावर एकत्र अंथरू देऊ नका.