मसल सेल जुळताना वरची प्रोटीन्स बदलतात, ते बघायचं कसं

शिवाजी युनिव्हर्सिटीत नाहीतर आसपासच्या कॉलेजात एमएस्सीला असलेल्या आणि प्रोजेक्टला सी२सी१२ (लॅबमध्ये वाढवतात त्या उंदराच्या मसलच्या पेशी) घेतलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. गंगावेस तालमीतल्या पैलवानाच्या दंडातला एकेक तंतू म्हणजे कितीतरी मायोब्लास्ट, म्हणजे मसलच्या कच्च्या पेशी, एकमेकांत मिसळून झालेली एकच लांबलचक पेशी, आणि मिसळायच्या आधीपासून त्यांच्या बाहेरच्या पडद्यावरची प्रोटीन्स बदलायला लागतात. बहुतेक जण काय करतात, आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन सॅम्पल ब्लॉटला (जेलवर प्रोटीन्स वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायची पद्धत) लावतात आणि बँड वाढला की लिहून मोकळे, "फ्युजनमुळे वाढलं". घोळ इथंच आहे. पेशी डिफरन्शिएट होणं, म्हणजे पक्की मसलची पेशी बनायला लागणं, वेगळं आणि जुळणं, म्हणजे फ्युजन, वेगळं, दोन्ही त्याच दोन-तीन दिवसांत होतं एवढंच, म्हणून तिसरी डिश लागतेच, जिच्यात मीडियम (पेशींचं खाणं) बदललंय पण पेशींना जुळू दिलेलं नाही.

आधी पेशी नीट सांभाळा. सी२सी१२ वाढवताना डिश कधीच गच्च भरू द्यायची नाही, साठ-सत्तर टक्क्यांवर स्प्लिट करायची, म्हणजे पेशी नव्या डिशांत वाटायच्या, नाहीतर ज्या पेशी चांगल्या जुळतात त्याच हातातून जातात आणि पुढं कितीही हॉर्स सीरम घाला, ट्यूब (जुळून झालेल्या लांब पेशी) काय होत नाहीत. प्रयोगाच्या डिशा मात्र जवळजवळ भरू द्या आणि मग २ टक्के हॉर्स सीरमचं मीडियम द्या, त्यानं डिफरन्शिएशन सुरू होतं. हे सोमवारी केलं तर साधारण बुधवारी जुळायला सुरुवात होते, शुक्रवारी लांब ट्यूब दिसतात, म्हणजे रविवार रंकाळ्यावर काढता येतो.

तिसऱ्या डिशसाठी दोन रस्ते आहेत. जुना रस्ता ईजीटीए, म्हणजे कॅल्शियम बांधून ठेवणारं केमिकल, कारण कॅल्शियमशिवाय पेशी जुळत नाहीत, डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये कॅल्शियम १.८ मिलीमोलर असतं त्या हिशोबानं डोस बसवायचा, पण पेशी एकमेकांना धरतात त्या कॅडहेरिन प्रोटीनलाही कॅल्शियम लागतं, त्यामुळं पेशींची एकमेकांवरची पकडच ढिली होते आणि जास्त झालं तर डिश सोडून तरंगायला लागतात. दुसरा ब्लेबिस्टॅटिन, तो पेशीला आतून ओढणारं मायोसिन २ हे प्रोटीन अडवतो, फक्त निळ्या उजेडात खराब होतो तेव्हा फॉइल गुंडाळा. काहीही वापरा, त्या डिशमध्ये मायोजेनिन (डिफरन्शिएशन सुरू झाल्याची खूण असलेलं प्रोटीन) आलंय का ते बघाच. मायोजेनिन आहे आणि ट्यूब नाहीत, तर डिश कामाची. मायोजेनिनच नसेल तर तुम्ही डिफरन्शिएशनच मारलंय, टाकून द्या.

आता वरचीच प्रोटीन्स वेगळी काढायची. सल्फो-एनएचएस-एसएस-बायोटिन घ्या, हे प्रोटीनला चिकटणारं लेबल, चार्ज असल्यामुळं ते जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, बाहेर दिसणाऱ्या लायसिन या अमिनो अ‍ॅसिडलाच चिकटतं. सगळं बर्फावर, कारण गरम डिशमध्ये पेशी वरचं प्रोटीन आत ओढत राहते, आणि एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं बर्फाचं पाणी व्हायला किती वेळ लागतो माहिताय, तेव्हा कोल्ड रूम मिळाली तर सोडू नका. धुवायच्या पीबीएस या खारट बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम पाहिजे नाहीतर ट्यूबच उचलून येतात. सीरम पूर्ण धुऊन काढा आणि त्या वेळी ट्रिस बफर जवळपास नको, दोन्ही बायोटिन खाऊन टाकतात. पावडर आयत्या वेळी विरघळवायची, पाण्यात ती मरते. अर्ध्या तासानं ग्लायसिन घालून थांबवा, मग लायसिस (पेशी फोडणं), बायोटिन धरून ठेवणारे स्ट्रेप्टाव्हिडिन बीड्स, शेवटी लेबलमधला एसएस जोड तोडणाऱ्या डीटीटीनं सोडवा. लायसिस बफरमध्ये डीटीटी टाकलात तर बायोटिन आधीच तुटणार आणि बीड्सवर काहीच राहणार नाही भावा.

ब्लॉटवर जीएपीडीएच, म्हणजे पेशीच्या आतलं प्रोटीन, पण लावा. बीड्सच्या लेनमध्ये ते दिसलं तर पेशी फुटल्यात, तो डेटा गेला. आणि सॅम्पल डिशप्रमाणं नाही, एकूण प्रोटीनप्रमाणं बरोबरीत लावा.

शोधायचं काय? एन-कॅम हे पेशींना एकमेकांना चिकटवणारं वरचं प्रोटीन चांगलं शिकवतं. मायोब्लास्टमध्ये १४० किलोडाल्टनचा, पडद्याच्या आरपार जाणारा प्रकार जास्त असतो, ट्यूब होताना १२५ चा, लिपिडच्या अँकरनं नुसता वर अडकलेला प्रकार वाढतो. जिवंत पेशींवर तो अँकर कापणारं पीआय-पीएलसी एन्झाइम टाका, अँकरवाला सुटून मीडियममध्ये येतो, १४० जागचा हलत नाही. एका एन्झाइममध्ये दोन्ही प्रकार वेगळे, नाद खुळा कंट्रोल आहे हा.

पेशी जुळायला लागणारं पडद्यातलं प्रोटीन मायोमेकर २०१३ ला सापडलं. त्याचा जोडीदार २०१७ ला तीन लॅबनी तीन नावांनी दिला, मायोमर्जर, मायोमिक्सर आणि मिनियन, उंदरात जेमतेम ८४ अमिनो अ‍ॅसिडचं प्रोटीन. एरवी कधी न जुळणाऱ्या फायब्रोब्लास्टमध्ये ही दोन्ही घातली तर तेही जुळतात. मायोमेकर पडद्यातून कितीदा तरी आत-बाहेर जातं, म्हणून सॅम्पल उकळू नका, गोळा होऊन जेलच्या वरच अडकतं. बाहेर लायसिन कमी असतील तर बायोटिनही नीट लागणार नाही, तेव्हा बँड नाही म्हणजे प्रोटीन नाही असं लगेच लिहू नका, एकूण लायसेटचा, म्हणजे फोडलेल्या पेशींतल्या सगळ्या प्रोटीनचा, लेन शेजारी ठेवा.

मग तिन्ही डिश जोडीनं वाचा. वाढ जुळलेल्या आणि अडवलेल्या दोन्हीत सारखी असेल तर ती डिफरन्शिएशनची, फ्युजनचा संबंध नाही. फक्त जुळलेल्यातच असेल तर अडवणारं औषध (ईजीटीए नाहीतर ब्लेबिस्टॅटिन) धुऊन काढा, अडवलेल्या पेशी मग बऱ्यापैकी एकाच वेळी जुळायला लागतात, आणि दर दोन-तीन तासांनी सॅम्पल काढून बघा बदल आधी येतोय का ट्यूब आधी.