मापनातील अनिश्चितता कशी काढावी: साध्या लंबकाचा एक प्रयोग

साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण काढल्यावर प्रयोगवहीत ‘९.७८३३५ मीटर प्रति सेकंद वर्ग’ असे उत्तर लिहिले, तर त्यातील शेवटच्या तीन अंकांचा मापनाशी काहीही संबंध नसतो. ते कॅल्क्युलेटरने दिलेले असतात. उलट नुसते ‘९.८’ लिहिले, तर ते उत्तर प्रयोगातून आले की पाठांतरातून, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘९.७८ ± ०.०३’ असे लिहिल्यावर मात्र मोजलेली किंमत किती आणि तिच्यावर कुठपर्यंत विश्वास ठेवायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात. यातील ०.०३ कसे काढायचे, ते याच प्रयोगाच्या आधाराने पाहू.

आधी शब्दांचा घोळ मिटवलेला बरा. मोजलेली किंमत आणि खरी किंमत यांतील फरक म्हणजे त्रुटी. खरी किंमत माहीत नसते म्हणूनच आपण मोजतो, त्यामुळे त्रुटी नेमकी किती हे सहसा कळत नाही. खरी किंमत ज्या पट्ट्यात असण्याचा बराच संभव आहे त्या पट्ट्याची अर्धी रुंदी मात्र अंदाजता येते आणि तिलाच अनिश्चितता म्हणतात. पाठ्यपुस्तके पुष्कळदा दोन्हींना त्रुटीच म्हणतात आणि त्याने फारसे बिघडत नाही. पण चूक ही तिसरीच गोष्ट आहे, हे विसरू नये. दोलने मोजताना एक दोलन गाळणे किंवा वाचन उतरवताना अंकांची उलटापालट करणे ही चूक असून तिच्यावर सूत्र नसते, तो प्रयोग पुन्हा करावा लागतो. निष्कर्षाखाली ‘मानवी चुकांमुळे उत्तरात फरक पडला’ असे लिहून मोकळे होण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी, कारण त्या वाक्यातून काय झाले आणि त्याने उत्तर किती हलले यांपैकी काहीच समजत नाही.

प्रत्येक वाचनाची अनिश्चितता

लंबकाच्या प्रयोगात तीन गोष्टी मोजायच्या असतात: दोऱ्याची लांबी, गोळ्याचा व्यास आणि दोलनांना लागलेला वेळ. उपकरणाने जे सर्वांत लहान माप वाचता येते त्याला लघुतम माप म्हणतात. साध्या मीटरपट्टीचे लघुतम माप १ मिमी असते, तर नेहमीच्या व्हर्निअर कॅलिपरचे ०.१ मिमी, म्हणजे ०.०१ सेमी. रेषांच्या पट्टीवर काळजीपूर्वक वाचल्यास एका टोकाची अनिश्चितता लघुतम मापाच्या निम्मी धरण्याचा प्रघात आहे. अंकदर्शी उपकरणात शेवटच्या अंकातील एकाचा फरक धरावा आणि उत्पादकाने माहितीपत्रकात अचूकतेचा वेगळा आकडा दिला असेल तर तोही विचारात घ्यावा.

मात्र लघुतम माप ही खालची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवावे. दोरा चिरलेल्या बुचाच्या दोन अर्ध्यांत धरलेला असतो. लांबी नेमकी कुठून मोजायची, तो बिंदू मुळात मिलिमीटरभर धूसर असतो. गोळ्याच्या वक्र माथ्याशी पट्टी टेकवताना आणि डोळा रेषेच्या अगदी समोर ठेवतानाही थोडी ओढाताण होतेच. अशा वेळी दोऱ्याची लांबी ९८.८ ± ०.०५ सेमी असे लिहिणे हा निव्वळ आव होय. मी येथे ± ०.२ सेमी धरतो. हा आकडा कोणत्याही कोष्टकात सापडत नाही, तो मोजणाऱ्याने स्वतः ठरवायचा असतो आणि तो का धरला हे वहीत एका ओळीत लिहायचे असते.

व्यास मोजण्यापूर्वी कॅलिपरचे जबडे मिटवून शून्य जुळते का ते पाहावे. जबडे मिटलेले असताना वाचन +०.०२ सेमी येत असेल, तर ही शून्य त्रुटी प्रत्येक वाचनातून चिन्हासह वजा करावी: २.५६ सेमी वाचले, तर व्यास २.५४ सेमी आणि त्रिज्या १.२७ सेमी. शून्य त्रुटी ऋण असेल तर वजाबाकीचा परिणाम बेरजेत होतो. चिन्हाचा गोंधळ येथेच सर्वाधिक होतो. लंबकाची लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची असल्यामुळे ती ९८.८ + १.२७, म्हणजे १००.०७ सेमी झाली. त्रिज्येची अनिश्चितता ०.०१ सेमीहून कमी, दोऱ्याची ०.२ सेमी, अशा जोडीत लहानीकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

वेळेचे वाचन पुन्हा पुन्हा का घ्यावे

स्टॉपवॉच ०.०१ सेकंदापर्यंत वाचता येते, पण बोट तितके नेमके चालत नाही. डोळ्याने पाहून बटण दाबण्यास साधारण ०.२ सेकंद लागतात आणि हा वेळ दरवेळी थोडा बदलतो, त्यामुळे एका मोजणीत सुमारे ०.१ सेकंदाची अनिश्चितता सहज येते. एकच दोलन मोजले, तर २ सेकंदांच्या आवर्तकालात, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळात, ती ५ टक्के ठरते. २० दोलनांचा एकत्र वेळ घेऊन २० ने भागले, तर वेळेबरोबर अनिश्चिततेलाही भाग जातो आणि ती ०.२५ टक्क्यावर येते. कोणतेही नवे उपकरण न घेता साधणारी ही विसापट सुधारणा आहे. २० ही मोजलेली नव्हे, गणलेली संख्या आहे. तिला अनिश्चितता नसते.

समजा, २० दोलनांच्या वेळेची पाच वाचने ४०.१२, ४०.३१, ४०.१८, ४०.२५ आणि ४०.०९ सेकंद अशी आली. त्यांचा माध्य, म्हणजे सरासरी, ४०.१९ सेकंद. माध्यापासूनचे फरक −०.०७, +०.१२, −०.०१, +०.०६ आणि −०.१० असून त्यांच्या वर्गांची बेरीज ०.०३३० होते. तिला वाचनांच्या संख्येपेक्षा एकाने कमी, म्हणजे ४ ने भागून वर्गमूळ काढले की ०.०९१ सेकंद मिळतात. हे प्रमाण विचलन. एकाने कमी का, तर माध्य याच पाच वाचनांतून काढल्यामुळे त्यांतील चारच फरक स्वतंत्र उरतात, पाचवा आपोआप ठरतो. प्रमाण विचलन एका सुट्या वाचनाचा विखुरलेपणा सांगते. आपल्याला हवी आहे माध्याची अनिश्चितता, म्हणून त्याला वाचनसंख्येच्या वर्गमुळाने, येथे २.२४ ने, भागावे: उत्तर ०.०४१ सेकंद. यावरून आवर्तकाल २.००९५ ± ०.००२० सेकंद, म्हणजे ०.१ टक्का अनिश्चितता.

वर्गमुळाचा हा नियम जरा कंजूष आहे. अनिश्चितता निम्मी करायची तर वाचने चौपट घ्यावी लागतात, दशांश करायची तर शंभरपट. म्हणून पाच-दहा वाचनांनंतर वाचने वाढवण्यापेक्षा पद्धत सुधारणे अधिक फायद्याचे. तसेच, व्यासाची पाचही वाचने तंतोतंत सारखी आली म्हणून त्याची अनिश्चितता शून्य होत नाही. तेथे विखुरलेपणा उपकरणाच्या बारकाईपेक्षा लहान आहे इतकाच त्याचा अर्थ असून अशा वेळी लघुतम मापावरून येणारी अनिश्चितता धरावी.

अनिश्चितता एकत्र कशा करायच्या

गुरुत्व त्वरण = ४ × पाय² × लांबी ÷ आवर्तकाल² (पाय म्हणजे π, सुमारे ३.१४). गुणाकार-भागाकारात सापेक्ष अनिश्चितता, म्हणजे अनिश्चितता भागिले ती राशी, वापरतात आणि एखाद्या राशीचा घात असेल तर तिची सापेक्ष अनिश्चितता त्या घातांकाने गुणतात. लांबीची ०.२ टक्के झाली. आवर्तकालाचा वर्ग असल्याने त्याची २ × ०.१, म्हणजे ०.२ टक्के. वर्ग हा आवर्तकालाचा स्वतःशीच गुणाकार असला तरी दोन्ही वेळा त्रुटी एकाच दिशेने जाते, म्हणून येथे थेट दुप्पट करायची.

या दोहोंची सरळ बेरीज केली तर ०.४ टक्के येतात. ही कमाल मर्यादा असून प्राथमिक वर्गांत तीच शिकवतात. परंतु लांबी आणि वेळ यांच्या त्रुटी एकमेकींपासून स्वतंत्र असतात आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण वाढून उत्तराला एकाच बाजूला ढकलतील, असे क्वचितच घडते. त्यामुळे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेणे अधिक वाजवी: ०.०४ + ०.०४ = ०.०८, वर्गमूळ ०.२८ टक्के. ९.७८३३५ चे ०.२८ टक्के म्हणजे ०.०२८. कोणतीही रीत वापरली तरी चालेल, पण कोणती वापरली ते लिहावे आणि एकाच प्रयोगात दोन्हींची सरमिसळ करू नये.

अनिश्चितता साधारणपणे एका सार्थ अंकापर्यंत (सुरुवातीची शून्ये सोडून येणाऱ्या पहिल्या अंकापर्यंत) पूर्णांकित करावी, तो अंक १ असल्यास दोन ठेवावेत, आणि मग उत्तर त्याच दशांशस्थळापर्यंत आणावे. मधल्या आकडेमोडीत मात्र अंक तोडू नयेत. अशा रीतीने उत्तर येते ९.७८ ± ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग.

बेरीज-वजाबाकीत सापेक्ष नव्हे, निरपेक्ष अनिश्चितता एकत्र करतात, आणि वजाबाकीत एक सापळा असतो. पाण्याचे तापमान २५.० ± ०.५ अंशावरून २७.५ ± ०.५ अंशावर गेले, तर वाढ २.५ ± ०.७ अंश. मूळ मापांत २ टक्के असलेली अनिश्चितता फरकात २८ टक्के झाली! जवळजवळच्या दोन संख्यांची वजाबाकी प्रयोगात टाळता आली तर टाळावी, नाहीतर फरक मोठा येईल अशी मांडणी करावी.

सूत्रात त्रिकोणमितीय फलन आले की घातांचा नियम लागू पडत नाही. अशा वेळी एकेक राशी तिच्या अनिश्चिततेइतकी हलवून उत्तर किती हलते ते पाहावे. काचेच्या चिपेत आपाती कोन ४० ± १ अंश आणि अपवर्तन कोन २५ ± १ अंश असेल, तर अपवर्तनांक, म्हणजे या दोन कोनांच्या साइनांचे गुणोत्तर, १.५२ येतो. आपाती कोन ४१ अंश केल्यास तो ०.०३ ने वाढतो, अपवर्तन कोन २६ अंश केल्यास जवळपास ०.०५५ ने घटतो. दोन्ही वर्गांच्या रीतीने एकत्र केल्यावर सुमारे ०.०६ अनिश्चितता मिळते. अपवर्तन कोनाचा वाटा जवळजवळ दुप्पट आहे, ही माहितीही सोबत मिळते.

उत्तर पटते का

गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर सुमारे ९.८३२ असते, १९०१ साली ठरवलेले ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य प्रत्येक ठिकाणचे मूल्य नव्हे. तुलना स्थानिक मूल्याशी करावी. फरक एका अनिश्चिततेएवढा असेल तर दोन्ही जुळतात असे म्हणावे, कारण त्रुटी नेहमीच्या घंटाकृती वितरणाप्रमाणे असतील तर साधारण ६८ टक्के वेळाच खरी किंमत एका अनिश्चिततेच्या आत सापडते, दुपटीच्या आत ९५ टक्के. फरक तिप्पट किंवा अधिक निघाला, तर मात्र पद्धतशीर त्रुटी शोधायला लागावे.

ही त्रुटी दरवेळी एकाच दिशेने येते, म्हणून वाचने वाढवून ती जात नाही आणि विखुरलेपणात दिसतही नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ मध्ये तेलाच्या थेंबांवरून काढलेली इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची किंमत आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने कमी होती, आणि त्यांनी स्वतः दिलेली अनिश्चितता ०.२ टक्क्याच्या आसपास होती. हवेच्या चिकटपणाची त्यांनी वापरलेली किंमत थोडी कमी होती. कितीही थेंब मोजले असते तरी ती उणीव तशीच राहिली असती.

आपल्या लंबकात अशा जागा कोणत्या, हे आकड्यांनीच पाहावे. गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली, तर उत्तर ९.६६ येते, ०.०३ च्या अनिश्चिततेपुढे हा फरक चौपट आहे. लंबक १० अंशांपर्यंत ओढून सोडला, तर आवर्तकाल ०.१९ टक्क्याने वाढतो आणि उत्तर ०.०४ ने घटते. ५ अंशांवर हीच घट ०.०१ इतकी राहते, म्हणून कोन लहान ठेवा ही सूचना नुसती औपचारिक नाही. आणि पहिल्याच क्षणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले, तर २० म्हणेपर्यंत १९ च दोलने होतात आणि उत्तर १०.८ वर जाते. उत्तर एवढे फुगलेले दिसले की आधी गणतीकडे पाहावे.

श्रम कुठे खर्च करायचे हेही याच आकडेमोडीतून ठरते. २० ऐवजी ४० दोलने मोजली, तर वेळेचा वाटा ०.१ टक्क्यावर येतो, पण लांबीचे ०.२ टक्के तसेच राहिल्याने एकूण अनिश्चितता ०.०२८ वरून फक्त ०.०२२ होते. खरा फायदा टांगणीचा बिंदू स्पष्ट करण्यात आहे.

किंवा आलेखाचा आधार घ्यावा. दोऱ्याच्या पाच-सहा वेगवेगळ्या लांबी घेऊन आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग मांडला, की रेषेचा चढ ४ × पाय² ÷ गुरुत्व त्वरण इतका येतो. बिंदूंच्या अनिश्चिततेत बसणारी सर्वांत तीव्र आणि सर्वांत सौम्य अशा दोन रेषा काढून त्यांच्या चढांतील निम्मा फरक चढाची अनिश्चितता म्हणून घ्यावा. त्रिज्या मिळवायला विसरले किंवा टांगणीचा बिंदू दरवेळी सारख्याच अंतराने चुकला, तरी सर्व बिंदू बाजूला सरकतात, चढ बदलत नाही. रेषा आरंभबिंदूतून न जाता आडव्या अक्षाला डावीकडे छेदते आणि तो छेद उणे १.३ सेमीच्या जवळपास आला, तर ती गोळ्याची त्रिज्याच असते. उणे ३ सेमी आला, तर पट्टीचे शून्य आणि बुचाची जागा पुन्हा तपासावी.